मुलुंड ते कोल्हापूर, टोलसकट

पूर्वी टोल भरताना निदान राग तरी यायचा. काच खाली करा, सुट्टे शोधा, सुट्टे नसले की बूथमधला पोरगा चिल्लरऐवजी चॉकलेट पुढे करणार, मागचा हॉर्नवर हात ठेवून बसलेला, आणि बायको शेजारून म्हणणार की घरून निघतानाच सुट्टे का नाही घेतले. आता फास्टॅग आलाय. काचेवरचा स्टिकर मशीन वाचतं, दांडी वर जाते, गाणं पण मध्येच थांबवावं लागत नाही. मेसेज येतो तो घरी पोचल्यावर बघायचा, आणि बॅलन्स संपेपर्यंत तोही कोण बघतंय. फेब्रुवारी २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला तेव्हा मी पण टाळ्या वाजवल्या होत्या, रांगा कमी झाल्या हे खरंच आहे, पण खिशातून नोट काढून द्यायचं बंद झालं आणि त्याबरोबर किती दिले, कशाचे दिले, अजून किती वर्षं द्यायचेत हे विचारायचंही हळूहळू बंद झालं. माझ्या मते टोल महाग आहे तो इथे. रकमेबद्दल बोलूच, पण ही सवय जास्त महागात पडलीये.

मी मुलुंड पूर्वेला राहतो आणि गाव कोल्हापूर. म्हणजे टोल या विषयावर माझा अभ्यास आपोआप झालेला आहे, क्लास लावावा लागला नाही. घराजवळच मुंबईचा नाका, मग मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, मग खेड शिवापूर, आणेवाडी, तासवडे, किणी. या चार नावांना सातारा-कोल्हापूरच्या माणसाच्या डोक्यात अष्टविनायकासारखा क्रम असतो, झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल.

मुंबईचं आधी सांगतो. शहरात शिरायचे पाच नाके, दहिसर, मुलुंडला दोन, ऐरोली आणि वाशी. शहरात ५५ उड्डाणपूल बांधले त्याचा खर्च काढायला म्हणून हा टोल. आता गंमत बघा, दादरहून सायनला जाणारा माणूस उड्डाणपूल वापरणार फुकट, आणि मुलुंड-ठाण्याच्या वेशीवर राहणारा माणूस भाजी घ्यायला पलीकडे गेला तरी पैसे देणार, कारण नाका त्याच्या दारात. मुलुंडचं हरिओम नगर तर मुंबई महापालिकेतच येतं, कर मुंबईचा, नगरसेवक मुंबईचा, पण नाका मधे, त्यामुळे स्वतःच्याच वॉर्डात जायला टोल. वर्षानुवर्षं तिथल्या लोकांनी हे सहन केलं. ४० रुपये होते ते ऑक्टोबर २०२३ मध्ये ४५ झाले आणि मग वर्षभराने, १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून, हलक्या गाड्यांना टोल माफ. सोसायटीच्या ग्रुपवर फटाक्यांचे इमोजी. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती हे सांगायची गरज नाही, आचारसंहिता लागायच्या अगदी आधी निर्णय झाला.

मीही खूश झालो, खोटं कशाला बोलू. पण माफ म्हणजे नेमकं कुणी माफ केलं? २०१० मध्ये सरकारने या पाच नाक्यांच्या वसुलीचा हक्क एका कंपनीला १६ वर्षांसाठी दिला होता आणि त्याचे २,१०० कोटी रुपये आधीच घेऊन टाकले होते. आता गाड्या सोडल्या तर कंपनीचं नुकसान कोण भरणार, तर त्यासाठी वसुलीची मुदत वाढवून २०२९ पर्यंत नेली. ट्रक आणि बाकीची जड वाहनं भरतायतच. ट्रकवाला काय स्वतःच्या खिशातून देतो का, तो भाड्यात लावतो, भाडं वाशी मार्केटातल्या कांद्यात लागतं, आणि तो कांदा मीच मुलुंडच्या मंडईतून आणतो. म्हणजे मी टोल भरतोच आहे, फक्त बीप ऐकू येत नाही.

निवडणूक आणि टोल यांचं नातं एकदा लक्षात आलं की मग सगळीकडे दिसायला लागतं. राष्ट्रीय महामार्गांचे दर दरवर्षी १ एप्रिलला वाढतात, सूत्र ठरलेलं आहे, सरळ ३ टक्के आणि वर घाऊक महागाई निर्देशांकाच्या वाढीचा ४० टक्के हिस्सा. २०२४ मध्ये लोकसभेची निवडणूक होती म्हणून वाढ थांबवून ठेवली, आणि ३ जूनपासून, म्हणजे निकालाच्या आदल्या दिवसापासून, लागू केली. मतदान संपलेलंच होतं. राज्यातही २०१४ ची निवडणूक जवळ आली तशी आधीच्या सरकारने ४४ नाके बंद केले, मग टोलमुक्तीच्या गप्पा मारून निवडून आलेल्या पुढच्या सरकारने २०१५ मध्ये १२ नाके बंद करून आणखी ५३ नाक्यांवर कार, जीप आणि एसटीला सूट दिली. चांगलं केलं. पण या याद्यांमध्ये बरेचसे छोटे नाके होते, जिथे वसुली होऊन होऊन किती होणार. दुभती म्हैस कुणी सोडली नाही.

दुभती म्हैस म्हणजे अर्थातच आपला एक्सप्रेसवे.

याच्याबद्दल मला प्रेम आहे हे आधीच सांगतो, म्हणजे कमेंटमध्ये कुणी विकासविरोधी म्हणायला नको. २००२ मध्ये हा पूर्ण सुरू झाला, साडेचौऱ्याण्णव किलोमीटर, सिमेंटचा, सहा पदरी, देशातला असा पहिला. त्याच्या आधी जुन्या हायवेने बोरघाट चढणं काय होतं ते ज्यांनी चढलाय त्यांनाच माहीत, एखादा ट्रक वळणावर बंद पडला की संपलंच, खोपोलीत अंधार व्हायचा आणि लोणावळ्यात उजाडायचं अशी तेव्हाची कथा. त्यामुळे सुरुवातीला टोल देताना कुणाला काही वाटलं नाही, मला तर अभिमानच वाटायचा.

बांधायला खर्च आला सोळाशे कोटींच्या घरात. २००४ मध्ये सरकारच्या रस्ते विकास महामंडळाने एक्सप्रेसवे आणि जुना हायवे मिळून १५ वर्षांच्या वसुलीचा हक्क एका खाजगी कंपनीला दिला आणि त्याबदल्यात ९१८ कोटी रुपये एकरकमी घेतले. त्याच वेळी पुढच्या सगळ्या वर्षांचे दर पण ठरवून ठेवले, दर तीन वर्षांनी १८ टक्के वाढ. महागाई वाढो न वाढो, गाड्या दुप्पट होवोत न होवोत, रस्ता खराब होवो, वाढ ठरलेली. कारचा टोल १९५ चा २३०, २३० चा २७०, आणि एप्रिल २०२३ ला ३२० झाला तो याच हिशोबाने. गाड्या वाढल्या की प्रत्येकी बोजा कमी व्हायला पाहिजे असं शाळेतलं गणित सांगतं. ते गणित इथे चालत नाही.

आपण सगळे काय समजत होतो, की १५ वर्षं झाली की ऑगस्ट २०१९ ला करार संपणार आणि मग टोल जाईल, निदान कमी होईल. पुण्यातले माहिती अधिकारवाले कार्यकर्ते तर त्याच्या कितीतरी आधीपासून महामंडळाचेच आकडे दाखवून ओरडत होते की करारात धरलेली रक्कम २०१६ च्या शेवटालाच वसूल झालेली आहे, आता थांबवा. कोर्टात गेले. थांबलं काहीच नाही, उलट २०२० मध्ये त्याच रस्त्याचा वसुलीचा हक्क पुन्हा विकला, २०३० पर्यंत, आणि या वेळी किंमत आली ८,२६२ कोटी. रस्ता तोच, फक्त अठरा वर्षं जुना झालेला. आणि २०३० तरी शेवट म्हणावं तर त्याच्या पुढे २०४५ पर्यंत वसुली सुरू ठेवायचं आत्ताच ठरून बसलंय.

यात चोरी झाली असं मी म्हणत नाहीये, मला ते सिद्ध करता येणार नाही, आणि सरकारची बाजूही आहे, की त्या पैशातून दुसरे रस्ते, पूल, तो घाटाला बगल देणारा मिसिंग लिंक रस्ता वगैरे होतात. ठीक आहे. पण मग त्याला या रस्त्याचा खर्च म्हणू नका ना. सरळ सांगा की मुंबई-पुणे जाणाऱ्यांकडे पैसे आहेत असं आम्हाला वाटतं, म्हणून त्यांच्याकडून घेऊन दुसरीकडे लावतो. गाडी घेताना पेट्रोल गाडीला ११ टक्क्यांपासून पुढे रोड टॅक्स भरला, पेट्रोलच्या प्रत्येक लिटरमध्ये रस्त्यासाठीचा सेस भरतोय, आणि मग वर ३२०. समृद्धी महामार्गावर एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे घेतात, नागपूरपासून भिवंडीच्या आमणेपर्यंत ७०१ किलोमीटरला १,४४५ रुपये. नुकता बांधलेला, कर्ज अंगावर असलेला रस्ता. आणि आमचा म्हातारा एक्सप्रेसवे किलोमीटरला तीन रुपये चाळीस पैशांच्या आसपास पडतो. कुणीतरी समजावून सांगावं, मी चहा पाजतो.

आणि एवढं देऊन लाँग वीकेंडला खंडाळ्याच्या घाटात तीन तास पार्किंग. एक्सप्रेसवेवर गाडीतून उतरून लोक भेळ खातायत हे दृश्य तुम्ही पण पाहिलं असेल. राष्ट्रीय महामार्गासाठी २०२१ मध्ये नियम केला होता की नाक्यावर रांग शंभर मीटरच्या पिवळ्या रेषेपुढे गेली तर पुढच्या गाड्या टोल न घेता सोडायच्या. मला एकदा एका नाक्यावर, कुठला ते जाऊदे, रांग त्या रेषेच्या कितीतरी मागे गेलेली होती तेव्हा मी काच खाली करून तिथल्या माणसाला नियम सांगितला. तो शांतपणे म्हणाला, साहेब, रेषा पुसली गेलीये. खरंच पुसली गेली होती, मी काय बोलणार.

सूट मिळते ती दोघांच्याच नावावर, गणपतीच्या आणि विठोबाच्या. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना पास लावून टोलमाफी, आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर वारकऱ्यांच्या गाड्यांना. आणि कोकणात जाणाऱ्यांची थट्टा तर अजून वेगळी, मुंबई-गोवा हायवेचं काम २०११ पासून चाललंय, पोरं दहावी पास झाली पण रस्ता काही पास झाला नाही, तरी सिंधुदुर्गात ओसरगावला नाका बांधून तयार. लोकांनी वसुली सुरू होऊ दिली नाही. माझा कोकणातला मित्र म्हणतो तुमच्याकडे रस्ता आहे आणि टोल आहे, आमच्याकडे निदान एक तरी नाहीये.

आता कोल्हापूर. इथे मी जरा जास्त बोलणार, घरचा विषय आहे.

बाहेरच्या लोकांना वाटतं कोल्हापूरकरांना टोल द्यायचा नव्हता म्हणून दंगा केला. तसं नव्हतं ते. शहराच्या आतले रस्ते, जवळपास ५० किलोमीटर, खाजगीकरणातून करायचे आणि शहराच्या वेशीवर नाके लावून ३० वर्षं टोल घ्यायचा अशी योजना होती. ३० वर्षं! म्हणजे आज जन्मलेलं पोर नोकरीला लागून लग्न करून त्याचं पोर बालवाडीत जाईपर्यंत, गावातल्या गावात फिरायला. रस्ते झाले तेही अर्धवट, कुठे फूटपाथ नाही, कुठे गटार नाही, कुठे विजेचा खांब रस्त्याच्या मधोमध तसाच. आमचे आण्णा, म्हणजे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतून रिटायर झालेले मास्तर, आयुष्यात कधी मोर्चात न गेलेला माणूस, ते रोज सकाळी फिरायला जाताना वही घेऊन जायला लागले. कुठला रस्ता, काय राहिलंय, ते लिहून आणायचे. मी फोनवर म्हटलं आण्णा हे कशाला, तर म्हणाले, "अरे पैसे मागाय आल्यावर काम दाखव म्हणाय नको? गवंड्याला पण आपण भिंत बघून पैसे देतो."

सर्वपक्षीय कृती समिती झाली. एन. डी. पाटील पुढे होते, ऐंशी ओलांडलेले, आणि गोविंदराव पानसरे. दोघं सभेत आकडे वाचून दाखवायचे, किती काम झालं, किती दाखवलं, करारात काय लिहिलंय. लोक आकडे ऐकायला उभे राहायचे हे माझ्या गावात मी बघितलंय, एरवी आमच्याकडे गर्दी कुस्तीला आणि फुटबॉलला. घरातल्या बायका मोर्च्यात, तालमीची पोरं मोर्च्यात, रिक्षावाले, वकील, व्यापारी सगळे. "टोल देणार नाही" एवढंच वाक्य, पण ते गल्लीतलं शेंबडं पोर पण म्हणायचं. ऑक्टोबर २०१३ मध्ये वसुली सुरू झाली, आणि जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटले. ते पेटवणं आण्णांना आवडलं नव्हतं, आठवडाभर घरात धुमसत होते, म्हणत होते आपण हिशोबानं जिंकत होतो, ह्यांनी काडी लावून सगळं घालवलं.

वसुली कधी बंद, कधी पोलीस बंदोबस्तात सुरू, कोर्ट, पुन्हा बंद असं चाललं. फेब्रुवारी २०१५ मध्ये पानसरे गेले, गोळ्या घालून मारलं त्यांना. कोल्हापूरचा टोल रद्द झाल्याची घोषणा झाली ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात, त्यांना ती ऐकायला मिळाली नाही. त्या दिवशी बिंदू चौकात साखर वाटली असं आण्णा सांगतात, आणि लगेच पुढे हे पण सांगतात की कंपनीला भरपाई म्हणून साडेचारशे कोटींच्या आसपास रक्कम द्यायचं ठरलं. सरकारी तिजोरीतून. म्हणजे परत आपल्याच. मला हे ऐकून जरा खट्टू व्हायला झालं होतं, मग एवढं करून मिळवलं काय? आण्णांचं उत्तर होतं की मिळवलं हे, की आधी कामाचं मूल्यांकन झालं, कुणीतरी टेप घेऊन रस्ता मोजला. ३० वर्षं बीप बीप करत बसलो असतो तर कुणीही कधी काही मोजलं नसतं.

म्हणून टोल सरसकट बंद करा ही मागणी मला पटत नाही, कोल्हापूरचाच असून सुद्धा. रस्ता फुकट होत नाही. कुणीतरी देतंच, वापरणारा देईल नाहीतर कधी गाडीत न बसलेली बाई तिच्या साबणाच्या वडीवरच्या करातून देईल. वापरणाऱ्याने देणं जास्त बरोबर. फक्त किती आणि कुठपर्यंत ते सांगा.

फुकट द्यायचं तर ते आधीच कुणीतरी देऊन ठेवायला लागतं, आणि मुंबईत तसं एक उदाहरण आहे जे मला फार आवडतं. माहीम आणि वांद्र्याच्या मध्ये खाडी होती, होड्यांनी जायचे लोक, होड्या बुडायच्या. सरकारकडे पैसे नव्हते. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी आवाबाई यांनी स्वतःचे १ लाख ५७ हजार रुपये दिले आणि १८४५ मध्ये माहीम कॉजवे झाला. अट काय घातली असेल? की जाणाऱ्या-येणाऱ्याकडून टोल घ्यायचा नाही. आजही नाही. लेडी जमशेटजी रोडवरून जाताना हे किती जणांना माहीत असतं देव जाणे. आणि त्याच कॉजवेच्या समोर, समुद्रात, वांद्रे-वरळी सी लिंक, २००९ मध्ये सुरू झाला तेव्हा ५० रुपये, एप्रिल २०२४ पासून १००. पुढे वरळीपासून मरीन ड्राईव्हपर्यंतचा कोस्टल रोड महापालिकेने केला तो फुकट, त्यामुळे सलग एकाच समुद्रावरून जाताना साडेपाच किलोमीटरला १०० आणि उरलेल्या दहाला शून्य. अटल सेतूचं बोलत नाही, २५० रुपये एका बाजूचे, मुलुंडवाल्याला तो वाटेतच नाही, त्यामुळे त्याच्यावर चिडायचा अधिकार शिवडीवाल्यांना.

परवा आण्णांना मी ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या फास्टॅगच्या वार्षिक पासबद्दल सांगत होतो. सुरू झाला तेव्हाचा हिशोब असा, ३,००० रुपये भरा, वर्षभर किंवा २०० नाके पार होईपर्यंत, जे आधी होईल ते. म्हणजे नाक्यामागे १५ रुपये. खेड शिवापूर ते किणी चारही नाके त्यात येतात, कारण तो राष्ट्रीय महामार्ग. एक्सप्रेसवे, समृद्धी, सी लिंक, अटल सेतू यांना तो चालत नाही, ते राज्याचे. मला तो पास फायद्याचा आहे, मी काढलाय. पण डोक्यात येतंच की जो नाका काल साठ-सत्तर ते शंभरच्या वर घेत होता त्याला आज माझ्याकडून १५ रुपये परवडतात, मग खरा खर्च नेमका कुठला होता? आणि दोन नाक्यांत ६० किलोमीटर अंतर पाहिजे हा नियम, गडकरींनी मार्च २०२२ मध्ये लोकसभेत सांगितलं होतं की त्याच्या आतले नाके तीन महिन्यांत बंद करू, तो आमच्या रस्त्यावर कुठून कुठे मोजायचा ते खेड शिवापूरचा नाका हटवा म्हणून भांडून भांडून थकलेल्या पुणेकरांना विचारा.

आण्णांचं म्हणणं साधं आहे. पेट्रोल पंपावर कसा मीटर पळताना दिसतो, तसा प्रत्येक नाक्यावर मोठा बोर्ड पाहिजे. रस्त्याला खर्च इतका, आजपर्यंत जमा इतके, देखभालीला गेले इतके, बाकी इतके, आणि टोल संपायची तारीख. मी म्हटलं तारीख लिहिली तरी काय, मुदतवाढ देतील आणि पुढे ढकलतील, २०३० चं २०४५ केलंच की.

"ढकलू देत की," आण्णा म्हणाले, "निदान शिडी लावून बोर्ड तरी परत रंगवाय लागंल. रंगवताना चार लोकं बघतील, कोण चढलंय ते."